कवळीला काय कळणार

त्यांचं खरं आडनाव लोक कधीच विसरून गेले होते. लोखंडवाल्यांच्या गल्लीत, रंगाच्या दुकानात, वेल्डिंगवाल्यांकडे सगळे त्यांना कचकचे म्हणायचे, आणि पोस्टमनसुद्धा आता त्याच नावानं हाक मारून टपाल द्यायचा. नाव पडलं होतं ते कामावरून. स्वभावावरून पडलं असतं तरी काही बिघडलं नसतं, असं त्यांची बायको म्हणायची.

काम असं. घरामागच्या शेडमध्ये गंजलेल्या, रंगाचे थर चढलेल्या वस्तू यायच्या आणि त्या सोलून स्वच्छ करून द्यायच्या. यंत्र म्हणाल तर साधंच, गाड्या धुतात ते प्रेशर वॉशर. त्याच्या बंदुकीच्या तोंडाशी एक जोड बसवायचा, जोडाला एक नळी, आणि नळीचं दुसरं टोक कणीदार भुकटीच्या बादलीत खुपसायचं. चाप ओढला की पाणी सुसाट सुटतं, जाता जाता बादलीतले कण ओढून घेतं आणि दोघं मिळून गंजावर तुटून पडतात. कोरड्या वाळूनं हेच काम करणारे लोक धुळीचे लोट उठवतात आणि पुढं आयुष्यभर खोकत बसतात. इथं पाणी धुळीला उठूच देत नाही. फक्त बादलीतले कण कोरडे ठणठणीत हवेत. ते ओले झाले, की नळी तुंबते आणि कचकच्यांचं तोंड सुटतं.

सगळी मेख कण निवडण्यात. जाड आणि धारदार कण बिडाच्या गेटाला लागतात, पण तेच पातळ पत्र्यावर मारले तर पत्र्याची चाळण. मऊ कण रंग उतरवतात आणि गंजापुढं हात टेकतात. लालसर गार्नेट दगडाची कणी, काचेचा चुरा, भट्टीतली काळी मळी, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा, अगदी खायचा सोडासुद्धा, असा सगळा माल शेडच्या भिंतीला पोत्यांतून ओळीनं उभा असायचा. पोत्यावर 'बारीक' असं छापलेलं असायचं. आत किती बारीक ते भरणाऱ्याला ठाऊक, आणि त्यालाही नसेल ठाऊक.

कचकचे छापलेलं वाचायच्या भानगडीत पडत नसत. चिमूटभर कण घ्यायचे, उजवीकडच्या खालच्या दाढेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि चावायचे. कच्च. थोडं थांबून पुन्हा कच्च. मग थुंकायचं, चूळ भरायची, तोंड पुसायचं आणि निकाल द्यायचा, "हा गेटाचा. सायकलीला लावलास तर सायकलीची बासरी होईल." काच तेवढी तोंडात घालायची नाही, इतपत अक्कल त्यांना होती. काचेसाठी अंगठ्याचं नख होतं. बाकी सगळं दाढेवर. आणि निकाल कधी चुकत नसे, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होतं. दुसऱ्या दुकानांतले लोक कागदाच्या पुडीत कण घेऊन यायचे आणि दारात अवघडून उभे राहायचे, "जरा चावून सांगता का?" कचकचे त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवायचे.

मुलगा लांब पल्ल्याची बस चालवायचा. त्याला शेडमध्ये काडीचा रस नव्हता. रस होता सुनेला. लग्नानंतर ती आधी नळी धरायला येऊ लागली, मग बादली भरायला, आणि सासऱ्याचा खांदा धरू लागला तेव्हा बंदूक आपसूक तिच्या हातात आली. तिचा हात इतका स्थिर होता, की खिडकीच्या कडीवरचा रंग ती काचेला ओरखडा न काढता उतरवायची. कणांची चिमूट ती बोटांत चोळून बघायची, पण ते आपलं स्वतःपुरतं. शेडमध्ये दाढ बोलायची आणि बाकीचे ऐकायचे.

मग त्या दाढेनंच दगा दिला. दातांच्या डॉक्टरनं तोंडात दिवा घालून बघितलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही दगडबिगड चावता की काय?"

"हो," कचकचे म्हणाले.

डॉक्टर हसला. म्हातारा हसत नाहीये असं दिसल्यावर त्यानं पुन्हा एकदा आत बघितलं. दाढा झिजून सपाट झाल्या होत्या, बाकीचे दात मुळापासून हलत होते. सगळे काढावे लागणार होते.

कचकच्यांनी घरी सांगितलं, बहिणीकडे चाललोय, बरेच दिवस राहीन म्हणतो. खरं काय ते फक्त बायकोला माहीत. कवळी बनवणाऱ्याला त्यांनी बजावून सांगितलं, की दात पिवळेच हवेत, समोर फट हवी, आणि डावीकडचा एक जरा तिरका. तो माणूस चक्रावला. त्याच्याकडे लोक मोत्यासारखे दात मागायला यायचे, आणि हा गृहस्थ वाईट दातांसाठी अडून बसलेला. शेवटी त्यानं ते बनवले, आणि असे हुबेहूब वाईट बनवले की कचकच्यांना आरशात बघून भरून आलं. घरी आल्यावर ते सगळ्यांकडे बघून जरा जास्तच हसत होते. कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्यांनी पहिली चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले आणि चावलं. आवाज आला. बाकी काहीच आलं नाही. दाणा गोल आहे की टोकदार, फुटतोय की घसरतोय, एकसारखा आहे की भेसळीचा, काही म्हणजे काही कळेना. शेजारच्या घरात कुणी भांडी घासावीत तसं ते लांबून कुठूनतरी ऐकू येत होतं. कचकच्यांनी पुन्हा चावलं, दुसऱ्या बाजूनं चावलं, पुढच्या दातांनी चावलं. प्लास्टिक ते. त्याला काय डोंबल कळणार!

सून बंदूक घेऊन उभी होती. "काय म्हणते दाढ?" तिनं विचारलं.

"गेटाचा," कचकचे म्हणाले. काम गेटाचंच होतं, त्यामुळे निभावलं.

पुढंही निभावत गेलं. बिडाची गेटं आणि जाड सळया गरीब बिचाऱ्या, काहीही मारा, तक्रार करत नाहीत. सायकलीच्या वेळी त्यांनी पोत्याच्या रंगावरून ठोकून दिलं. कधी सून कणांची चिमूट चोळताना तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघायचे आणि त्यावरून ठरवायचे. पण हे कुणापाशी बोलायची त्यांची छाती होत नव्हती. त्यांना भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर. दात गेले याचं एवढं नव्हतं. पण दाढ गेली तर मग आपण कोण उरलो? खांदा धरलेला एक म्हातारा, जो शेडमध्ये खुर्ची टाकून सुनेच्या मध्ये मध्ये येतो.

अशात सलूनवाल्याची खुर्ची आली.

सलूनवाला हा कचकच्यांचा लहानपणापासूनचा मित्र. दर आठवड्याला त्यांची दाढी करायचा आणि दाढी करता करता सगळ्या गावाची बिनपाण्यानं करायचा. दुकान रंगवायला काढलं होतं, रविवारी ते पुन्हा उघडायचं होतं, आणि मधोमध वडिलांची जुनी खुर्ची मांडायची त्याची फार इच्छा होती. खुर्चीचं बूड बिडाचं, जडशीळ. पुढं गिऱ्हाइकानं पाय ठेवायची पाटी ओतीव अॅल्युमिनियमची, तिच्यावर पानाफुलांची नाजूक नक्षी. म्हणजे नक्षी आहे असं सलूनवाला सांगत होता. त्यानं आयुष्यभर हौसेनं त्यावर आधी हिरवा, मग चॉकलेटी, मग चंदेरी रंग फासला होता, त्यामुळे वरून नुसती टेंगळं दिसत होती.

"नक्षीला धक्का लागता कामा नये," तो म्हणाला. "म्हणून तुझ्याकडे आणली. तुझी दाढ काय सांगते बघ."

गार्नेटची तीन पोती आली होती, तिन्हींवर 'बारीक'. कचकच्यांनी एकेक चिमूट घेतली, डोळे मिटले, सावकाश चावलं. मध्येच भुवया उडवल्या. थुंकले, चूळ भरली. आत भांडी घासल्याचा आवाज सोडून काही नव्हतं.

"मधलं," ते म्हणाले.

सुनेनं मधल्या पोत्यातले कण बोटांत चोळले. परत चोळले. "बाबा, हा मला जरा टोचतोय."

"टोचणारच. कण आहेत ते, कापूस नव्हे."

सलूनवाला हसला. सुनेनं यंत्राचा जोर कमी केला आणि बंदूक नेहमीपेक्षा लांब धरली. नवं काम आधी कोपऱ्यावर करून बघायचं ही शेडची रीत. पाटीच्या मागच्या कोपऱ्यावर तिनं नेम धरला आणि चाप ओढला. तिन्ही रंग एका झटक्यात उडाले. खाली एक छोटंसं फूल दिसलं, आणि दिसता दिसता त्याच्या पाकळ्याही गेल्या. तिनं तत्क्षणी चाप सोडला, पण व्हायचं ते झालं होतं. तेवढी जागा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली होती.

सलूनवाला वाकला. "इथं फूल होतं ना?"

सुनेनं बंदूक खाली केली.

"हात जड आहे तिचा," कचकचे म्हणाले. ते त्यांच्या तोंडातून निसटलंच, आणि निसटल्यावर त्यांनी ते आणखी पुढं ढकललं. "दाणा बरोबर होता. कितीदा सांगितलंय, बंदूक लांब धर म्हणून."

सुनेनं त्यांच्याकडे बघितलं. बंदूक किती लांब होती ते दोघांनाही माहीत होतं.

"मग तू मार ना!" सलूनवाला भडकला. "तिला कशाला देतोस? माझ्या वडिलांची खुर्ची आहे ही. सुनेला लांब ठेव हिच्यापासून."

"ठेवतो," कचकचे म्हणाले.

सुनेनं बंदूक खुंटीला लावली, हातमोजे काढले, ते नीट एकावर एक ठेवले आणि ती घरात निघून गेली.

सलूनवाला धुसफुसत गेल्यावर कचकचे पाणी प्यायच्या निमित्तानं घरात शिरले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकले. आत सासू-सुना बोलत होत्या.

"आई, नाक्यावरच्या त्या गाड्या धुणाऱ्यांनी पुन्हा विचारलंय," सून म्हणत होती. "पहिल्या तारखेपासून येते म्हणून सांगते त्यांना. तिथं निदान गाडी चावून तरी बघावी लागत नाही."

"आणि शेड?"

"बाबा बघतील. हलका हात आहे त्यांचा."

कचकच्यांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ती गेली की शेडला कुलूप. पण त्याहून वाईट वाटत होतं ते वेगळंच. मुलगा घरी असला की बातम्या बघत बसायचा. बायको ऐकून न ऐकल्यासारखं करायची. दिवसभरात 'काय म्हणता बाबा' असं विचारणारी ही एकटीच होती, आणि तिला आपण परक्यासमोर तोंडघशी पाडलं.

"अहो," आतून बायकोचा आवाज आला, "दाराआड उभं राहून ऐकताय ते नीट ऐकू येतंय ना? का मोठ्यानं बोलू?"

ते आत गेले. सून त्यांच्या बाजूनं न बघता बाहेर निघून गेली.

"आता तुम्ही सांगताय तिला," बायको कांदा चिरता चिरता म्हणाली, "की रात्री दात ठेवता तो उशाचा ग्लास मी नेऊन तिच्यापुढं ठेवू?"

"सांगतो की."

"कधी? तिनं पहिली गाडी धुतल्यावर?"

सून शेडमध्येच होती. रागावली तरी नळी ओली टाकून जाणाऱ्यांतली ती नव्हती. ती नळी झटकत होती, आणि जरा जास्तच जोरात झटकत होती.

"मला कळलं नाही," कचकचे म्हणाले.

"काय कळलं नाही?"

"दाणा. सकाळी चावला तो." त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि जिभेनं खालची कवळी उचलून पुन्हा खाली बसवली. टक् असा आवाज झाला. "हे माझे नाहीत."

सुनेनं नळी खाली ठेवली. "कधीपासून?"

"बहिणीकडे गेलो होतो ना."

"म्हणजे तेव्हापासून तुम्ही नुसतेच... ते जिन्याचे कठडे? ती सायकल? तो पाळण्याचा सांगाडा?"

"अंदाजानं."

"अंदाजानं!"

ती गार्नेटच्या पोत्यावर बसली. आता ही हसेल असं कचकच्यांना वाटलं, आणि आपणही सोबत हसून घेऊ म्हणून त्यांनी तोंडाची तयारीही केली. पण ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले, आणि ते रागानं भरले होते.

"माझ्या बोटांना कळत होतं, बाबा. आज सकाळीच नाही, या सगळ्या महिन्यांत. मला जाड लागायचा तो तुम्ही बारीक म्हणायचात. मला वाटायचं, इतकी वर्षं झाली तरी मला काही येत नाही. तुम्ही चावायचात आणि मी माझ्या बोटांना गप्प बसवायचे. तुम्ही कवळीनं हवा चावत होतात, आणि मी घरात जाऊन रडत होते."

यावर कचकच्यांनी कचकचही केली नाही. "चुकलो," ते म्हणाले.

"मला काय सांगताय? हात जड आहे ते कुणापुढं म्हणालात?"

"त्याच्यापुढं."

"मग?"

"त्याला सांगायचं म्हणजे कवळीचंही सांगावं लागेल."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला हाताशी मतलब आहे. उद्या तो येईल तेव्हा सांगा. नाही सांगितलंत तर मी गाड्या धुते. मनापासून सांगतेय, मला त्या आवडत नाहीत, पण धुवीन."

कचकच्यांनी मान हलवली. पाटी तर पुरी करायलाच हवी होती.

"एकदा चावून बघ," कचकचे हळूच म्हणाले. "दाढ तुझी. काय वाटतं ते तू सांग, काय आहे ते मी सांगतो."

"मला म्हातारपणी दात हवेत, बाबा."

"एकदाच."

तिनं कपाळाला हात लावला, पण पहिल्या पोत्यातली चिमूट घेतली, दाढेवर ठेवली आणि तोंड वाकडं करून चावली.

"काय वाटतं?"

"वाळू खाल्ल्यासारखं वाटतं."

"तसं नव्हे! कुरकुर का करकर?"

"दोन्हींत फरक काय?"

"हे घ्या! कुरकुर म्हणजे दाणा मोडतोय, करकर म्हणजे दाणा दाढेला मोडतोय. जीभ लावू नकोस, जीभ खोटं बोलते. डोळे मीट. अगं, घट्ट नको, झोपेत मिटतात तसे."

आता मात्र तिला हसू आलं, आणि हसताना निम्मे कण घशात गेले. खोकून, चूळ भरून तिनं दुसऱ्या पोत्यातले घेतले, मग तिसऱ्यातले. कचकचे तिच्या जबड्याकडे डोळे लावून उभे होते. दुसऱ्याच्या तोंडाचा निकाल ऐकायला ते जन्मात पहिल्यांदा थांबले होते, आणि त्यांना ते मुळीच जमत नव्हतं. तिचा जबडा बघून त्यांच्या मनात तिसरं पोतं पक्कं झालं होतं.

ती थुंकली. "यातलं एकही नाही."

"हॅ!"

"तिन्हींत जाड दाणे मिसळलेत. पहिल्यात सगळ्यांत कमी. तो चाळून घेतला तर चालेल."

"बघ! दाढेनं सांगितलं की नाही?"

"बोटांनी सकाळीच सांगितलं होतं. दाढेनं फक्त तोंड खराब केलं."

कचकच्यांना ते चांगलंच झोंबलं. इतक्या वर्षांची विद्या, आणि हिनं तिला चूळ भरून मोरीत सोडलं. पण झोंबता झोंबता कुठंतरी अभिमानही वाटला, आणि त्याचं काय करावं ते न कळून ते मुकाट्यानं घरात जाऊन मैद्याची बारीक चाळण घेऊन आले. मागोमाग बायकोचा आरडाओरडा आला. ती चाळण परत आणली तर ती ते दात खिडकीतून बाहेर फेकणार होती, आणि नाही आणली तरी फेकणार होती.

सून चाळत गेली. चाळणीत वर जाड, टोकदार दाणे साठत गेले. कचकच्यांनी त्यातला एक उचलून नखावर घासला आणि खाली मान घातली. चाळलेला गार्नेट बादलीत गेला. तिनं पाटी उलटी करून आधी खालच्या बाजूला मारून बघितलं. रंग साय निघावी तसा निघाला आणि खालचा धातू मऊ, रुपेरी, कुठंही न खरवडलेला दिसला. मग तिनं पाटी सुलटी केली. संध्याकाळपर्यंत एकेक पान वर आलं, त्यांच्या शिरांसकट. मागच्या कोपऱ्यातलं फूल तेवढं गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी सलूनवाला आला तेव्हा पाटी बाकावर उन्हात ठेवलेली होती. तो तिच्यापाशी बसला आणि पानांवरून अंगठा फिरवू लागला. लहान असताना या पाटीवर बसून तो वडिलांची कात्री ऐकायचा. त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला, मग त्यानं नाक शिंकरलं.

"मान गये, कचकचे! हे असं हवं होतं. बघ, सुनेला बाजूला ठेवलंस आणि काम कसं झालं. तुझी दाढ ती तुझी दाढ."

सून कोपऱ्यात नळीचं वेटोळं करत होती. तिनं वर बघितलं नाही.

"पोतं चांगलं नव्हतं रे," कचकच्यांनी सुरुवात केली. "म्हणजे तिन्ही. दुकानदार लेकाचा बारीक म्हणून काहीही भरतो."

"असेल. पण तू ओळखलंस."

"चाळून घ्यावं लागलं. मैद्याच्या चाळणीनं."

"डोकं आहे तुला."

"हवाही काल कोरडी होती."

"बाबा," सून शांतपणे म्हणाली, "मी आत जाते."

"थांब."

कचकच्यांनी दोन बोटं तोंडात घातली. पचक् असा आवाज होऊन वरची कवळी बाहेर आली, मग खालची. दोन्ही त्यांनी सलूनवाल्याच्या तळहातावर ठेवल्या. त्या जागच्या जागी त्याच्याकडे बघून हसत राहिल्या, फटीसकट आणि तिरक्या दातासकट. मग कचकचे मोठ्या धीरानं जे बोलायचं होतं ते बोलले. तोंडातून नुसती हवा आली, आणि थोडी थुंकी.

"काय?" सलूनवाला म्हणाला.

ते पुन्हा बोलले, हातवारे करून.

"एक अक्षर कळत नाहीये, लेका."

माफीसुद्धा धड मागता येऊ नये, याचा कचकच्यांना भयंकर संताप आला. त्यांनी कवळ्या हिसकावून घेतल्या, मगातल्या पाण्यात बुचकळल्या, तोंडात कोंबल्या आणि अंगठ्यानं दाबून बसवल्या.

"तिचा हात जड नव्हता!" ते ओरडलेच. "दाणा मी चुकीचा काढला. हे दात विकतचे आहेत, यांना ओ की ठो कळत नाही, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझं फूल मी घालवलं आणि नाव तिचं घेतलं. ही पाटी तिनं केली. दाणा तिनं ओळखला, तिनं चाळला, तिनं मारला. मी चाळण आणली फक्त. आलं ध्यानात? का आणखी एकदा काढून घालू?"

सलूनवाल्यानं ओला तळहात विजारीला पुसला.

"कवळीचं मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"अरे, दर आठवड्याला गाल धरतो मी तुझे. आत स्वतःचा दात आहे की पाहुणा, ते वस्तऱ्याखाली कळतं."

"मग बोलला का नाहीस?"

"इतके निवडून वाकडे करून घेतलेस. म्हटलं, हौस असते एकेकाची."

"काका, एक मिनिट," सून म्हणाली. ती नळी टाकून पुढं आली होती. "यांच्या तोंडात कवळी आहे हे तुम्हाला माहीत होतं. म्हणजे यांना चावून काही कळत नसणार हेही माहीत होतं. आणि तरी फूल गेल्यावर तुम्हाला माझाच हात जड वाटला?"

सलूनवाल्यानं तोंड उघडलं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना बोलण्यात कधी हार न गेलेला तो माणूस बुटाच्या टोकाकडे बघू लागला.

"मला वाटलं," तो अखेर पुटपुटला, "हिरड्यांना कळत असेल."

कचकच्यांना हसू फुटत होतं, पण तिचा चेहरा बघून त्यांनी ते कवळीआड दाबून धरलं. दोन्ही म्हातारे हात पुढं बांधून तिच्यासमोर उभे होते. ती त्यांना तशीच उभी ठेवून गेली आणि खुर्चीभोवती एक चक्कर मारून आली.

"बूड राहिलंय अजून खुर्चीचं," सलूनवाला म्हणाला. या वेळी तो तिच्याशी बोलत होता. "रविवारच्या आत... तू करशील का गं?"

"बघते."

तिनं हातमोजे चढवले आणि भिंतीकडच्या पोत्यांपाशी गेली. काळ्या मळीची चिमूट घेतली, बोटांत चोळली, टाकून दिली. दुसऱ्या पोत्यातली घेतली. यावर कचकच्यांचं एक मत होतं, आणि ते अगदी ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"हा," ती म्हणाली, आणि बादली भरायला लागली. मग मागं न बघताच म्हणाली, "बाबा, नळ सोडा."

या शेडमध्ये कचकच्यांना आजवर कुणी काम सांगितलं नव्हतं. ते खांदा सावरत लगबगीनं नळापाशी गेले.

"पुरे?" त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं.

"अजून थोडा."

त्यांनी अजून थोडा सोडला.